चाळीस सेंटिमीटर

भूशास्त्रज्ञ हा भारदस्त शब्द घरात कुणाच्या जिभेवर बसला नाही. भाच्यांनी तिला ‘दगडमावशी’ केलं आणि मग ऑफिसातल्या शिपायापासून शेजारणीपर्यंत सगळेच तसं म्हणू लागले. तिलाही ते आवडायचं. बत्तीस वर्षं तिने दगडच पाहिले होते. भिंगाखाली, हातोडीने फोडून, कधी चक्क जिभेला लावून. माणसांपेक्षा दगड बरे, निदान थापा मारत नाहीत, असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना जुनं कोठार रिकामं करायचा हुकूम निघाला. तिथल्या लाकडी खोक्यांत दगडाच्या कांड्या होत्या, यंत्राने जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या. नियम असा, की जिथे यंत्राच्या हाती काहीच लागलं नाही, तिथे तेवढ्याच लांबीचा ठोकळा खोक्यात ठेवायचा. मऊ माती पाण्याबरोबर वाहून जाते, त्यामुळे काही न मिळणं हीच खरी बातमी असते. एका खोक्यावर तिचंच तरुणपणचं गोल अक्षर होतं. टेकडीखालच्या बारा घरांच्या जागेचं खोकं. तिने सहज टेप लावली. खोदाई तीन मीटरची, कांड्या भरल्या दोन मीटर साठ सेंटिमीटर. ठोकळा नव्हताच. पसारा दिसू नये म्हणून नव्या नोकरीतल्या या शहाणीने कांड्या एकमेकींना छान भिडवल्या होत्या आणि अहवालात लिहिलं होतं, सलग खडक.

तिची पाचावर धारण बसली. बारांतलं तिसरं घर तिच्या ताईचं होतं. ‘डोळे झाकून घे,’ असं तिनेच ताईला सांगितलं होतं.

ताईच्या घराच्या मागच्या भिंतीला केसासारखी भेग होती. तिच्यावर दगडमावशीने काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. तिसऱ्या दिवशी काच तडकलेली होती. टेकडी त्या न मोजलेल्या चाळीस सेंटिमीटर मऊ मातीवरून घसरत होती.

तिने सगळं सांगितल्यावर ऑफिसातले साहेब म्हणाले, “घरं रिकामी करू. पण जुनं मढं कशाला उकरायचं? नेहमीची तपासणी आहे म्हणून सांगा.”

तिने तसंच सांगितलं. खरं बोलायची छाती झाली नाही. लोक कुरकुरत नातेवाइकांकडे गेले, ताई तिच्याकडे आली. दगडमावशी रोज सकाळी टेकडीखाली जाऊन नवी काच पाहायची. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस काच शाबूत. नवव्या सकाळी तिच्या मनात आलं, पडत का नाही हा डोंगर एकदाचा? आपल्याच विचाराने तिच्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज आला.

ती आत धावली. ताई ओट्यापाशी उभी होती. “दचकतेस काय? तू निघालीस आणि मागोमाग मीही निघाले. तुझी तपासणी काही संपत नाही बाई. बाकीचेही काल रात्रीच परतलेत. बस, चहा टाकते.”

“ताई, चल इथून. आत्ताच्या आत्ता.”

“का? कारण तर सांग.”

मागची भिंत ताईच्या पाठीपासून हातभर अंतरावर होती.

“खाली सलग खडक नाहीये. मध्ये माती आहे. मी तेव्हा नीट मोजलं नाही आणि खडक आहे म्हणून लिहून दिलं. माझी चूक आहे, ताई.”

ताईने गॅस बंद केला.

“आणि नऊ दिवस तू हे पोटात ठेवलंस?”

“भीती वाटली.”

“कशाची? घर पडायची, की लोक काय म्हणतील याची?”

ताईने चपला घातल्या, तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला शेजारच्या दारापुढे नेऊन उभं केलं.

“वाजव,” ती म्हणाली. “आणि मला सांगितलंस तसंच सांग.”

आतून लहान मुलांचा दंगा ऐकू येत होता. दगडमावशीने कडी वाजवली.