मूठभर भुसा

एकोणीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे साफ करणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. मामांचा हात हलका आणि जीव हळवा. हळव्या माणसांचं एक असतं, दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, मग भले त्याचं वाटोळं का होईना.

त्या सोमवारी एका मादीचा नर मेला. ती तीन दिवसांची गाभण, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मामांच्या घरीही अशीच एक होती. लेक. नवरा अपघातात गेलेला, तिसरा महिना चालू. तिला स्थळ आलं होतं. माणूस बरा, पण अट एकच, पोटातलं मूल नको. मामा लेकीला म्हणाले होते, "पोरी, आयुष्य लांब आहे. विचार कर." बापाने असं म्हटलं की त्याचा स्वतःचा विचार होऊन गेलेला असतो, आणि लेकींना ते बरोबर कळतं.

तर मामांना मादीची कीव आली. दुसऱ्या एका नराखालचा मूठभर भुसा त्यांनी तिच्या पिंजऱ्यात टाकला. तेवढीच सोबत!

दहा दिवसांनी प्रयोग करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मादी तपासली. पोट रिकामं.

"मामा, कुणाचा भुसा घातलात?"

मामांनी खरं ते सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परक्या नराचा वास नाकातून मेंदूत जातो," त्या थकून म्हणाल्या. "गर्भ टिकवणारं हार्मोन मेंदूच थांबवतो. मग गर्भ रुजतच नाही. मादी नव्या नरासाठी मोकळी होते."

"माणसांतही असंच?"

"छे हो! माणसाच्या बाईला कुणी सांगितल्याशिवाय का असं होतंय?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मामा तडक घरी निघाले. वाटेत पुन्हा पुन्हा घोकत होते, स्थळ गेलं खड्ड्यात, मूल ठेव, तुझा बाप अजून जिवंत आहे.

दारात बहीण भेटली. हळूच म्हणाली, "दादा, आवाज करू नकोस. सकाळीच दवाखान्यातून आणलंय तिला. झालं सगळं नीट. तुझ्या मनासारखं झालं."

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आज लवकर कसे आलात, बाबा?"

"काही नाही," मामा म्हणाले, "काम नव्हतं फारसं."