गुलाबी मिठाची किल्ली

आज सकाळी तुमच्या लेकराच्या ताटलीत काय होतं? विचार करायला वेळ लागतोय ना? लागणारच. सकाळी घाई असते, पाकीट फाडायचं, चार चकत्या तव्यावर टाकायच्या, वास सुटला की पोरगं आपोआप येऊन बसतं. ज्या बाईची ही हकिगत आहे, तिच्या घरी बावीस वर्षं असंच चालू होतं. फरक एवढाच की पाकिटात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. तिला माहीत होतं. ते तीच मोजायची.

कारखान्यात तिला सगळे काटेबाई म्हणत. सलामी, सॉसेज, हॅम असा माल तिथं तयार होतो. मांस दळून येतं, त्यात मीठ-मसाला पडतो, मग ते शिजतं, धुरी खातं, थंड होतं, कापलं जातं आणि पाकिटात बसतं. या सगळ्याच्या सुरुवातीला एक खोली आहे, दोन माणसं आडवी झोपली तर भिंतीला टेकतील एवढीच. तिथं एक स्टीलचं टेबल, एक काटा आणि एक लोखंडी कपाट. कपाटात गुलाबी मिठाचे डबे. हे उपासाचं सैंधव नव्हे, नायट्राइट घातलेलं मीठ; मुळात गुलाबी नसतं, मुद्दाम रंग देतात, साध्या मिठात चुकून मिसळू नये म्हणून. त्यानं मांस टिकतं, लाल दिसतं, आणि प्रमाणाबाहेर पडलं तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात जातो. म्हणून कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली काटेबाईच्या गळ्यात, दोरीला ओवलेली. शंभर किलो मांसाला अडीचशे ग्रॅम. तिच्या हातून तो काटा कधी हलला नाही. ताप असू दे, डोकं ठणकत असू दे, बाई आधी काटा शून्यावर आणणार, फुंकर मारून ताट साफ करणार, मगच चमचा उचलणार.

"काटेबाई, एखाद दिवशी डोळे मिटून टाका की! तुमच्या हाताला पाठ झालं असेल," दळणयंत्रावरचा माणूस चिडवायचा.

"हाताला पाठ होतं म्हणूनच डोळे उघडे ठेवावे लागतात. तू तुझी बोटं सांभाळ."

त्या किल्लीचा तिला केवढा अभिमान! घरी जाताना किल्ली कारखान्यात जमा करावी लागे, तरी रविवारी तिचा हात गळ्याशी जायचा.

आता टोकांची गोष्ट. हॅमचा लांब ठोकळा यंत्रात कापला की दोन्ही बाजूंची टोकं वाकडी निघतात. पाकिटात शोभत नाहीत. ती टोकं फेकायची कशाला? कारखान्यानं एक पद्धत पाडली. आठवड्याचे सहा दिवस जो एकही रजा घेणार नाही, त्याला शनिवारी टोकांची एक पिशवी. बायका अंगात कणकण घेऊन कामावर येत, पण पिशवी बुडू देत नसत. एकजण तर सकाळी सासऱ्यांचा अंत्यविधी उरकून दुपारी हजर झाली होती. काटेबाईची पिशवी बावीस वर्षांत तीनदा बुडाली. दोनदा दुसऱ्या बाळंतपणात, ते बाळ राहिलं नाही म्हणून दोन आठवड्यांतच ती परत आली, आणि एकदा पाय मुरगळला तेव्हा.

पिशवीचा खरा मालक घरी होता. तिचा नवरा शिंपी, घरातच मशीन टाकून बसलेला. बायको पहाटे उठून निघणार म्हणून नाश्त्याचं खातं त्यानं आपल्याकडे घेतलेलं. टोकं पातळ कापायची, तव्यावर कडा करपेपर्यंत परतायची, पावात घालायची. मापाची टेप गळ्यात, हातात उलथणं, असा तो स्वयंपाकघरात उभा असायचा.

"अहो, जळतंय की!"

"जळत नाही, करपवतोय. तुझ्या कारखान्याला जमत नाही ते मी करतोय."

बाहेरचा काठ जास्त काळा, जास्त खारट. तो त्याला फार आवडायचा. ती आपल्या पावातला काढून त्याच्या पावात ठेवायची. प्रेम काय एकाच तऱ्हेचं असतं?

शेजारीण कधी म्हणायची, "अगं, रोज रोज हे बरं असतं का? टीव्हीवर काहीबाही सांगतात." त्यावर काटेबाईचं उत्तर ठरलेलं, आणि मान ताठ. "ज्यांचं माप चुकतं त्यांचं वाईट. आमच्याकडे मीठ मी मोजते." कोण बोलणार पुढं? जिच्या हातात काटा, तिला काय सांगायचं!

या एका वाक्यावर तिनं संसाराचे बावीस वर्षांचे नाश्ते काढले.

शिंप्याला आधी थकवा यायला लागला. मग पोट धरून बसायचा. शौचात रक्त जातंय हे त्यानं चार महिने बायकोपासून लपवलं, मूळव्याध असेल म्हणून. शेवटी लेकीनं ओढत नेलं. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कर्करोग, आणि यकृतापर्यंत पोचलेला.

डॉक्टर तरुण होती. समोर कागद ठेवून एकेक विचारत गेली. विडी? नाही. दारू? सणासमारंभाला. नाश्त्याला काय?

"हॅम, सलामी," शिंपी म्हणाला. "हिच्याच कारखान्यातली."

"आठवड्यातून किती वेळा?"

शिंपी हसला. "आठवड्यातून काय डॉक्टर? रोज."

"रोज?" डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

काटेबाईला ते पेन खाली ठेवणं झोंबलं. "डॉक्टर, आमच्या मालात खोट नाही. मीठ मी स्वतः मोजते. एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही."

"तुमच्या मापाबद्दल मी काहीच म्हणत नाहीये. माप बरोबरच असणार," डॉक्टर म्हणाली. "चुकलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. मी बोलतेय ते बरोबर मापाच्या मालाबद्दल. कधीमधी खाल्ला तर फार बिघडत नाही. रोज खाल्ला की या आजाराचा धोका वाढतो. हे आता नक्की माहीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलंय."

"म्हणजे यांना त्यानंच झालं?"

"ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, आणि रोज खाणारे बरेच जण सुटतातही."

वाचताय ना? कुणीच सांगू शकणार नाही. या चार शब्दांवर कारखाने उभे आहेत. एका माणसाकडे बोट दाखवून याला यानंच मारलं असं सिद्ध करता येत नाही, म्हणून हजार माणसांना रोज वाढता येतं.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. चव चांगली होती." सात महिन्यांनी तो गेला. मशीनवर एक अर्धवट शिवलेला गणवेश तसाच राहिला, एक बाही लावायची होती. तो नातीचा होता.

तेराव्या दिवसानंतर बाई कामावर गेली. काटा शून्यावर आणला, फुंकर मारली, चमचा उचलला. काय करणार? लेकही त्याच कारखान्यात, पाकिटाच्या विभागात. जावई परगावी. घरात सात वर्षांची नात. एक मात्र झालं. शनिवारची पिशवी बाई घ्यायची आणि दारापाशीच कुणाला तरी देऊन टाकायची. पुढं तेही थांबलं. दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकायचं, ते काय पुण्य?

मग एक दिवस मॅनेजरनं तिला वर बोलावलं. चहा सांगितला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"काटेबाई, आनंदाची बातमी. आपण शाळेला सकाळचा नाश्ता देणार. फुकट! रोज दोन सॉसेज आणि पाव, प्रत्येक मुलाला. तुमची नातही त्याच शाळेत ना?"

"हो साहेब."

"पालकांची सभा आहे शुक्रवारी. त्यांची संमती लागते. तिथं तुम्ही दोन वाक्यं बोलायची. लोक आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." त्यानं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. *मी बावीस वर्षं या कारखान्यात आहे. मी आणि माझं कुटुंब रोज नाश्त्याला हेच खातो. माझ्याकडे बघा.*

टेबलावर मॅनेजरचा डबा उघडा होता. सफरचंदाच्या फोडी, काकडी, उकडलेलं अंडं. त्याच्या डब्यात तिनं कधीच दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"साहेब, माझे मिस्टर…"

"हो, हो. वाईट झालं. पण त्याचा याच्याशी काय संबंध? डॉक्टरनं लिहून दिलंय का तसं?" आवाज गोडच होता. "लेक तुमची अजून कंत्राटावर आहे, नाही का? कायम करायचं बघतोय आम्ही."

बाईनं कागद घडी करून कमरेला खोचला.

शुक्रवारी शाळेचा हॉल भरलेला. स्टेजवर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शेजारी मॅनेजर. मागं कारखान्याचा कापडी फलक, त्यावर सॉसेज धरून हसणारा मुलगा. लेक तिसऱ्या रांगेत, नात मांडीवर.

काटेबाई माइकपाशी गेली. कागद उघडला आणि एक शब्द बदलून बाकी लिहिलं होतं तसंच वाचलं. "मी बावीस वर्षं या कारखान्यात आहे. मी आणि माझं कुटुंब रोज नाश्त्याला हेच खात होतो. माझ्याकडे बघा." मॅनेजरनं टाळी वाजवायला हात उचलले. "आणि माझ्या नवऱ्याकडे बघा, असं मला म्हणता येत नाही. कारण ते नाहीत. आतड्याचा कर्करोग. त्यानंच झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाल्या नाहीत. पण रोज खाल्लं तर धोका वाढतो, हे त्या म्हणाल्या. मला वाटायचं माप बरोबर असलं की झालं. माप बरोबरच होतं हो! बावीस वर्षं बरोबर होतं. सणाला द्या पोरांना, सहलीला द्या, मी कुठं नको म्हणतेय? रोज कशाला? रोज अंडं द्या. साहेबांच्या डब्यात असतं तसं."

हॉलमध्ये हशा पिकला. मॅनेजरही हसला, पण कान लाल झाले. त्यानं माइक घेतला. "ताई अजून दुःखात आहेत, आपण समजून घेऊ. आमचा माल शंभर टक्के कायद्याप्रमाणे आहे."

ते खोटं नव्हतं. तेच तर दुखणं आहे.

मागून एक बाप उठला, हाताला सिमेंट लागलेला. "काटेबाई, तुमचं खरं असेल. पण माझं पोरगं सकाळी चहात पाव बुडवून येतं. फुकट मांस मिळतंय त्याला नाही म्हणू? वीस-तीस वर्षांनी काय होईल ते बघू. आत्ताचं काय?"

"म्हणून तर अंडी मागा म्हणतेय!"

"ती कोण देणार? तुम्ही?"

एक आई म्हणाली, "आणि तुम्ही स्वतः ठणठणीत उभ्या आहात की!"

खरोखर ठणठणीत उभी होती काटेबाई. ते उभं राहणं तिला तेव्हा शिवीसारखं लागलं.

नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं मोठ्या बाई म्हणाल्या. चार हात. काटेबाईनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. लेकीनं दोन्ही हात नातीच्या पोटाभोवती घट्ट धरले होते आणि खाली बघत होती.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, काही बोलू नकोस. उद्या मला तिथं कामावर जायचंय."

"मी कुठं काय बोलले?"

"तेच तर. ओरड ना एकदा! बाबांचं नाव घेऊन ओरड!"

बाई ओरडली नाही. लेकीनं संमतीच्या कागदावर सही केली, बापाच्या त्याच शिलाई मशीनवर कागद ठेवून, आणि मग मोठ्यानं रडली.

सोमवारी बाईच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. "तुम्हाला आराम हवा," असं सांगून खोकी घडी करायला बसवलं. काट्यावर नवी मुलगी आली. तिला शिकवायला म्हणून शेवटचा अर्धा तास बाई त्या खोलीत होती. पहिलंच काम शाळेच्या मालाचं निघालं. मुलीनं काटा शून्यावर न आणताच चमचा उचलला.

"थांब!" बाई खेकसली. "आधी शून्य. मग फुंकर. मग चमचा. पोरं खाणार आहेत हे. माप चुकलं तर दुपारपर्यंत आडवी होतील."

"आणि बरोबर पडलं तर?" मुलीनं सहज विचारलं.

बाईनं काट्याकडे बघत सांगितलं, "अडीचशे. टाक."

आता रोज सकाळी बाई नातीला दोन उकडलेली अंडी खाऊ घालते. लेक बघते, बोलत नाही. भरल्या पोटी गेली तर शाळेतलं निदान अर्धं तरी उरेल, एवढाच हिशोब. परवा नात धावत आली. "आजी, मी एकच खाल्लं! दुसरं मैत्रिणीला दिलं. तिला दोन पुरत नाहीत."

बाईनं तिला जवळ घेतलं आणि त्या मैत्रिणीचं नाव विचारलं नाही.

वाचणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, असा संमतीचा कागद उद्या तुमच्याही दारात येईल, फुकट या शब्दाला गुंडाळून. पाकीट माझ्या घरीही आलंय कधीमधी, मी सोवळा नाही. पण सही करण्याआधी उभे राहा आणि कागद आणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. रोज का? आणि तुमच्या डब्यात काय आहे, साहेब? चार हात वर गेले होते त्या दिवशी. तुमचा पाचवा करा.