रेडिएटरचा मानपान

चाल्यापाता गावात बास्तियाना तार्कीला सगळे 'ती बाई ड्रायव्हर' म्हणतात, आणि असं म्हणणारे निम्मे बाप्ये अजून गाडी मागे घेताना खांबाला ठोकतात. त्यांचं जाऊ द्या. बास्तियानानं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. बटाट्याची पोती नेली, मेंढ्या नेल्या, एकदा तर लग्नाचा अख्खा ब्रासबँड ढोलासकट नेला. या हिवाळ्यात तिनं स्वतःची मिनीबस घेतली. जुनीच, पण स्वतःची! पहिल्या दिवशी ती गाडीत नुसती बसून राहिली, स्टिअरिंगवर हात ठेवून, आणि शेजारीण हाक मारमारून दमली.

गाडी घेतली म्हणजे झालं असं मात्र नाही. आमच्या ड्रायव्हर संघटनेचा नियम असा, की नव्या गाडीला स्टँडवरच्या रांगेत जागा हवी असेल तर एका जुन्या ड्रायव्हरनं तिचा धर्मबाप व्हायचं. सोहळ्याच्या दिवशी त्यानं गाडीला आपल्या हातानं दारू पाजायची आणि चारचौघांत म्हणायचं, 'ही माझी लेक.' मग तिथूनच बँड आणि पाहुणे घेऊन गाडी घाटापलीकडच्या गावाला पहिली फेरी मारून येते. धर्मबाप रुसला तर रांग नाही, आणि पहिल्याच फेरीत गाडी बंद पडली तरी रांग नाही.

बास्तियानाच्या गाडीचा धर्मबाप गुमेर्सिंदो यूक्रा. दुसरं कोण असणार? गावात एकही पुरुष बाईच्या हाती चाक द्यायला तयार नव्हता, तेव्हा यानंच तिला आपल्या ट्रकवर बसवून गिअर टाकायला शिकवलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण हेकट. त्याच्या काळी रेडिएटरमध्ये पाणी आणि कच्ची दारू घालायचे, म्हणजे थंडीत गोठायला नको. तरी भरवसा नाही म्हणून संध्याकाळी सगळं काढून टाकायचं आणि सकाळी कोमट पाणी भरायचं. ते दिवस गेले, ट्रक भंगारात गेला, पण म्हाताऱ्याचं दारूचं खूळ गेलं नाही. प्रत्येक सोहळ्यात चाकांवर बिअर शिंपडून झाली की तो रेडिएटरचं झाकण उघडायचा आणि सिंगानीची, म्हणजे आमच्याकडच्या द्राक्षाच्या दारूची, अख्खी बाटली आत रिकामी करायचा. म्हणायचा, सगळ्यांना पाजायचं आणि जो सगळ्यात जास्त तापतो त्यालाच कोरडं ठेवायचं, हा कुठला न्याय? त्याला अडवायची कुणाची टाप नव्हती. त्यानं पाजलेल्या गाड्या घाटात उकळायच्या, पाहुणे खाली उतरून कोकाची पानं चघळत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी मालक गुपचूप रेडिएटर धुऊन घ्यायचा.

बास्तियानाला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून ती आधीच ओरुरो शहरात जाऊन कूलंट घेऊन आली, म्हणजे रेडिएटरला उकळू आणि गोठू न देणारं औषध. दुकानदार हिरवा डबा पुढे सरकवत होता, रंगात काय आहे बाई, सगळं एकच असतं म्हणाला. तिनं त्याला सरळ सांगितलं, एकच असतं तर दोन रंग कशाला विकतोस? गाडी कारखान्यातून लाल कूलंट घेऊन आली होती, तर लालच हवं. लालमध्ये हिरवं पडलं की दोन्हींचा चिखल होतो, हे तिनं एका मालकाच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या चिखलानं नळ्या बुजल्या आणि इंजिन गेलं. शिव्या मात्र बास्तियानानं खाल्ल्या.

घरी येऊन तिनं रेडिएटर धुतला. आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग फिकट, मग स्वच्छ. आमच्या नळाचं पाणी खारट, किटलीत सुद्धा पांढरा थर धरतं, म्हणून तिनं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी. शेजारीण म्हणाली, नुसतं कूलंटच ओत की, पाणी घालून पातळ कशाला करतेस? बास्तियाना म्हणाली, अगं, मीठ चांगलं म्हणून नुसतं मीठच खाशील का? नुसतं कूलंट उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि थंडीतही मिश्रणाइतकं टिकत नाही. खात्रीसाठी तिनं दोन बाटल्या छपरावर ठेवल्या, एकीत पाणी आणि दुसरीत मिश्रण. सकाळी पाण्याची बाटली तडकली होती. दुसरीतलं लाल मिश्रण हलवलं तसं डुचमळलं, आणि ही बया अंगणात एकटीच नाचली.

सगळं जमलं, पण धर्मबापाचं काय करायचं? त्याला 'नको' म्हणावं तर चारचौघांत त्याचा अपमान. ओतू द्यावं तर दारू घाटात उकळणार, आणि बायकांना गाडी झेपत नाही म्हणायला सगळे टपलेलेच. शेवटी तिनं एक शक्कल काढली.

सोहळ्याला झाडून सगळं गाव आलं. गाडीला फुलांच्या माळा घातल्या, कागदाच्या टिकल्या उधळल्या, बँड वाजला. गुमेर्सिंदोनं नवी टोपी घातली होती. त्यानं चाकांवर बिअर शिंपडली, पुढची सीट उचलली, तिच्याखालचं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि बाटली उपडी केली. तेवढ्यात गाडीखालून बारीक धार लागली. संघटनेचा चिटणीस पोन्सियानो हसून म्हणाला की नवरीनं मांडवातच लुगडं भिजवलं, आणि सगळे खो खो हसले.

गुमेर्सिंदो हसला नाही. बाटली सरळ करून तो गुडघे धरत वाकला आणि त्यानं खाली पाहिलं. रेडिएटरची तोटी उघडी होती. आत थेंबभर सुद्धा कूलंट नव्हतं, ते बास्तियानानं डब्यात राखून ठेवलं होतं. म्हाताऱ्याची दारू वरून आत गेली होती आणि खालून मातीत.

"तोटी कुणी उघडली?"

"मी," बास्तियाना म्हणाली. "काका, तुमचा मान मला ठेवायचा होता आणि इंजिन पण. तुमची दारू धरणीमायला गेली, वाया नाही गेली. पण माझ्या रेडिएटरात ती राहणार नाही. ती पाण्याच्या आधी उकळते, आणि इतक्या उंचावर तर पाणीच लवकर उकळतं. तुम्ही रुसणार असाल तर रुसा. पण उकळती गाडी घेऊन मी घाट चढणार नाही."

म्हाताऱ्यानं त्या ओल्या मातीला बोट लावून वास घेतला. बास्तियानाला वाटलं, संपलं सगळं.

"म्हणजे गाडी दारूनं उकळायची?" तो हळूच म्हणाला. "जन्मभर मी त्या घाटात थांबत आलो, पोरी. मला वाटायचं, ट्रक दमतो."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग तो स्वतःच इतका हसला की टोपी पडली. हसताना त्याचे डोळे मात्र भरून आले होते. त्यानं विचारलं, त्या लाल पाण्याचं प्रमाण काय? आजवर त्यानं गाडीतलं काही कुणाला विचारून घेतल्याचं गावानं ऐकलं नव्हतं. तिनं शुद्ध पाण्यानं रेडिएटर विसळला, तोटी बंद केली. नरसाळं त्यानं धरलं आणि मिश्रण तिनं ओतलं. इंजिन चालू ठेवून बुडबुडे निघू दिले, मग तोंडापर्यंत भरून झाकण लावलं. मग तो सगळ्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "ही माझी लेक. आणि ही गाडीही."

गाडी निघाली. मागे ढोल, तुताऱ्या आणि पाहुणे, पुढे बास्तियानाशेजारी गुमेर्सिंदो. सबंध चढावर त्यानं बाहेर एकदाही पाहिलं नाही, नजर नुसती तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. माथ्यावर धरणीमायच्या दगडांची रास आली, जिथं जाणारेयेणारे थांबून तिला घोटभर दारू वाहतात, तरी गाडी आपली मजेत गुरगुरत होती. बास्तियाना तशीच पुढे जाणार, तोच म्हाताऱ्यानं तिच्या दंडाला हात लावला.

"थांब जरा."

"गाडी तापली नाहीये, काका."

"दिसतंय मला. म्हणूनच थांब."

तो खाली उतरला. बाटलीच्या तळाशी उरलेला घोट त्यानं दगडांवर ओतला आणि टोपी काढून वाऱ्यात उभा राहिला. परत येऊन बसला तेव्हा नाक लाल झालं होतं.

"इतकी वर्षं इथं ट्रकसाठी थांबायचो आणि नाव धरणीमायचं सांगायचो," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा हिच्यासाठी थांबलो. चल, टाक गिअर."