व्याह्यांचा पाहुणचारी संगणक

जगातले सगळे संगणक चुकीच्या वाटेनं चालले आहेत आणि ते आपल्यालाच वळणावर आणायचे आहेत, असं मानणारा माणूस आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे. सोयरीक जुळवताना लोक घर बघतात, शेती बघतात, पिण्याची चौकशी करतात. असल्या आजाराची कोणी चौकशी करत नाही.

टेलिफोनच्या नोकरीतून सुटल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. आमच्या व्याह्यांनी पेनड्राइव्ह धरला. संगणकाच्या आत एक कारभारी असतो, त्याला सिस्टीम म्हणतात, एवढं मला चौथीच्या शिक्षणावर समजलं. सगळ्या जगाचा कारभारी विकतचा. यांचा फुकटचा, म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. माणूस भेटला की तब्येतीआधी विचारतात, "कोणती सिस्टीम हाय तुमच्यापाशी?" लेकीच्या लग्नात विहारात वंदना आटोपते न आटोपते तोच यांनी फोटोवाल्याला गाठलं आणि पंगत उठेपर्यंत त्याच्या लॅपटॉपचा कारभारी बदलून दिला. ते फोटो हातात पडले तेव्हा लेकीच्या मांडीवर नात होती. त्यांच्या वडसा गावच्या घरात तर ती सिस्टीम कोणीच वापरत नाही. जावयानं बापापासून लपवून दुसरा लॅपटॉप घेतला आहे.

"सिस्टीम चांगली हाय, इहीनबाई," ते मला म्हणाले. "भाषा लोकायले परकी वाटते. 'दस्तऐवज जतन करावयाचा आहे काय?' असं कोनाच्या घरी बोलतेत?" मग सबंध हिवाळा झाडीपट्टीतल्या नाटकांचा सीझन सोडून ते त्या सिस्टीमला आमची झाडी बोली शिकवत बसले. 'जतन'चं 'ठेवून दे' झालं. अडलं की पडद्यावर येई, 'मले नाई जमत, दुसऱ्याले इचार.' इथपर्यंत ठीक होतं. पण कोणी उठून जायला लागलं की आग्रह करायचा, ही आपली रीत. तीही त्यांनी आत घातली. बंद करायला गेलं की संगणक म्हणे, 'काऊन, इतक्यात चालल्या? बसा ना.' पुन्हा दाबलं की, 'चहा मांडला हाय.' तिसऱ्यांदा दाबावं तेव्हा नाइलाजानं बंद होई.

आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात बायांचा बचत गट मोहफुलाचे लाडू करतो. गटाचा संगणक मरायला टेकला, तेव्हा व्याही बसनं आले आणि त्यात आपला कारभारी बसवून गेले. अट अशी की धान कापणीपर्यंत वापरायचा. नाही पटला तर चंद्रपूरचा दुकानदार येऊन नेहमीचा घालेल. त्यांच्यापाशी एवढी एकच जागा उरली होती. तिथूनही कारभारी उठला, तर त्यांचं सगळं काम त्यांच्या पेनड्राइव्हमध्येच राहणार होतं.

पुढं गडचिरोलीच्या प्रदर्शनाला निघायचा दिवस आला. लाडवांची लेबलं छापून झाली होती, जीप दारात भोंगा वाजवत होती, आणि संगणक आमच्या अध्यक्षीणबाईला चहा पाजत होता. "मले नाई पाहिजे तुया चहा, मुडद्या!" म्हणत तिनं वायरच उपटली. परत येऊन सुरू केला, तर पडद्यावर अक्षरं आली, 'न सांगता गेल्या होत्या.'

"हा कोन मले जाब इचारनारा?" ती कडाडली. "माह्या सासूनं कधी इचारलं नाई!" त्याच बैठकीत ठरलं, दुकानदाराला बोलवायचं.

व्याही धावत आले. मी तोंडावर सांगितलं, "भाऊ, पाहुणचार मानसानं करावा. मशीन म्हटलं की तिनं गप कामाले लागावं."

त्यांनी खुर्ची संगणकापुढं ओढली. मग म्हणाले, "आग्रह काढून टाकला, तर बाकीचं ठेवाल काय?"

अध्यक्षीणबाई म्हणाली, "एका टिचकीत बंद झाला, तर ठेवू."

सगळ्यांसमोर त्यांनी तो आग्रह पुसला. जो भाग सांगताना या माणसाला स्वतःलाच हसू आवरत नसे, तोच गेला. जेवायलाही थांबले नाहीत.

आता बाया रोज त्यावर काम करतात आणि व्याह्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. परवा गोंडपिपरीकडून आलेली गटातली नवी सून दुसरीला म्हणाली, "संगनक आपल्यासारखाच बोलते ना सगळीकडं?" मी व्याह्यांना फोन करून हे सांगितलं. ते हळू म्हणाले, "तिले काई सांगू नोका, इहीनबाई. तसंच वाटू द्या."