कलमाचा मोहोर

बायकोची रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. परसात खड्डा करून त्यात घातली आणि वर आंब्याचं कलम लावलं. आमच्याकडे आता बरेच जण असं करतात. तेव्हा जून संपत आला होता. दिवाळी सरली आणि त्या गुडघाभर रोपाला मोहोर आला.

मग माणसं आली. दुखवट्याला पाच मिनिटं टेकलेले लोक मोहोर बघायला तास तास बसले. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, अकाली मोहोर हे अपुऱ्या राहिलेल्या इच्छेचं प्रतीक. त्यांच्या पत्नीच्या मते ते तृप्तीचं. दोघंही माझ्याच घरचा चहा पीत होते, आणि तिची एकही इच्छा दोघांना ठाऊक नव्हती.

मलकापूरहून मेहुणा आला. चपला काढून रोपापुढे उभा राहिला.

"दाजी, ताई आलीया बघा."

त्यानं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तिला रक्त हवं होतं तेव्हा मी त्याच ग्रुपवर लिहिलं होतं. तेव्हा एवढे हात दिसले नव्हते.

इकडे रोपाची पानं सुकायला लागली. ते गेलं असतं तर तिची म्हणावी अशी जागाच माझ्याकडे उरली नसती. मी नर्सरीत गेलो. तिथला माणूस हसला.

"कलमाला बांधलेली काडी जुन्या झाडाची असतीया की. तिला वाटतंय, आपण अजून तिथंच हाय. पयली दोन-तीन वर्सं मोहोर खुडायचा, न्हाईतर रोप दम धरत न्हाय."

एवढंच होतं ते प्रतीक.

तरीही तीन दिवस मी कात्री घेऊन परसात गेलो आणि तसाच परत आलो. आयुष्यभर पुस्तकं वाचलेला माणूस, एका तुऱ्यापुढे मुख्याध्यापकांइतकाच बावळट. चौथ्या दिवशी कात्री घरातच ठेवली आणि नखानं खुडला.

रविवारी मेहुणा पुन्हा आला. रोपाकडे बघून थबकला.

"दाजी, ताईला खुडलासा?"

"मोहोर खुडला. ताई जूनमध्ये गेली."

तो मागच्या पायरीवर बसला. मग उठून रोपाजवळ वाकला, बुडाची माती बोटानं उकरून पाहिली.

"आळं लई बारकं केलंयसा," म्हणाला. "खुरपं कुठं हाय?"