डोळे मिटून घेतलेली गाडी

माझी आत्या दया उजागरे हिला कुणी फसवू शकेल, असं तीन महिन्यांपूर्वी मला सांगितलं असतं तर मी हसले असते. चौतीस वर्षं तिनं नेवासे तालुक्यातल्या खेड्यांत नर्सची नोकरी केली. खोक्यावरची तारीख वाचल्याशिवाय कुणाला गोळी दिली नाही. मुदत संपलेलं सलाईन आणून टाकणाऱ्या ठेकेदाराला तिनं एकदा असं झापलं होतं, की बिचारा स्वतः टेम्पो घेऊन माल परत न्यायला आला. अजूनही बाजारात ती मेथीची जुडी सोडून आत बघते आणि भाजीवालीच्या शिव्या खाते. अशा बाईनं आयुष्यातली पहिली गाडी घेतली, तीही जुनी, आणि घेताना बॉनेट उघडून पाहिलं नाही. मला ह्याचा संताप आहे. तो कमी होत नाही म्हणून लिहायला बसले.

गाडीची हौस तिला कधीच नव्हती. निवृत्त झाली तरी खेड्यांतून फोन यायचे. कुणाचा सासरा अंथरुणाला खिळलाय आणि पाठीला जखमा झाल्यात, कुणाच्या आईची लघवीची नळी बदलायचीय. आत्या पिशवीत ड्रेसिंगचं सामान भरून निघायची. जाताना एस.टी. मिळायची, येताना मिळेलच असं नाही. एकदा घोडेगावच्या फाट्यावर पावणेतीन तास उभी राहून घरी आली आणि म्हणाली, "शॅरन, बास झालं. आता मी गाडी शिकणार." साठाव्या वर्षी शिकली. गिअर टाकताना अजून तिची जीभ बाहेर येते, पण शिकली.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा जेम्सशिवाय दुसरं नाव निघालंच नाही. जेम्स आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चमधला. रविवारी पुढच्या बाकावर बसतो, दानाची थैली फिरवतो, बोलतो इतकं गोड की ऐकणाऱ्याला साखरेची तपासणी करून घ्यावीशी वाटावी. मनमाड रोडला त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. त्याचा जन्म झाला तेव्हा त्याची नाळ आत्यानंच कापली होती आणि हे ती त्याला दर नाताळात ऐकवायची.

मी म्हटलं, "आत्या, नागापूरचा रमीज आहे ना, त्याला घेऊन जाऊ. गाडी उघडून बघेल." रमीजचं गॅरेज आमच्या बोल्हेगावच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

आत्या माझ्यावरच उखडली. "मंडळीतल्या पोराकडून वस्तू घ्यायची आणि शेजारी मेकॅनिक उभा करायचा? त्याच्या आईला काय वाटेल?"

आमच्यात हे असंच चालतं. बाहेरच्याकडून घेताना दहा वेळा उलटंपालटं करून बघायचं. आपल्या माणसाकडून घेताना तपासणं म्हणजे त्याचा अपमान. भाजी तपासायची, माणूस तपासायचा नाही. मीसुद्धा गप्प बसले, म्हणून त्या मूर्खपणात माझाही वाटा आहे.

करड्या रंगाची गाडी दारात आली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, आले आणि बॉनेटवर हात ठेवून त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. बॉनेट अर्थातच बंद होतं. मागच्या काचेवर जेम्सनं 'यहोवा यिरे' असं स्टिकर फुकट लावून दिलं होतं. म्हणजे परमेश्वर पुरवील. आम्ही पेढे खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी आत्यानं ती चूक केली जिच्यापुढे बॉनेट न उघडणं काहीच नाही. आमच्याकडे उपदेशाआधी साक्षीची वेळ असते. कुणाला नोकरी लागली, कुणी आजारातून उठलं, की तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानतो. साक्षीत खोटं बोलायचं नसतं हे आम्हाला संडेस्कूलपासून शिकवतात, त्यामुळे साक्षीत जे बोललं जातं ते लोक खरं धरून चालतात. आत्या कधी उभी राहत नसे. त्या दिवशी राहिली. म्हणाली, "चौतीस वर्षं थांब्यावर उभी राहिले, आता देवानं मला बसायला दिलं. जेम्सकडून मी डोळे मिटून गाडी घेतली. तुम्हीही डोळे मिटून घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेम्स मोबाईलवर चित्रण करत होता. मला वाटलं, आठवण म्हणून करतोय.

नवव्या दिवशी गाडी इमामपूरच्या घाटात मेली. मी शेजारी बसले होते. तापमानाचा काटा लाल रेषेच्या पार गेला, बॉनेटखालून वाफ आली, आणि चढावर मधोमध गाडी जी थांबली ती थांबलीच. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. आम्ही दोघींनी ती ढकलत कडेला घेतली. पलीकडच्या गावात एक म्हातारा ड्रेसिंगची वाट बघत पालथा पडलेला होता. आत्या दर दहा मिनिटांनी त्याच्या सुनेला फोन करून सांगत होती, "आलेच गं." आम्ही गेलोच नाही.

रमीजनं गाडी ओढून गॅरेजात आणली. ऑईलचं झाकण उघडून त्यानं आम्हाला आत बघायला लावलं. आत काळं तेल नव्हतं, दुधाळ चहा होता.

"सिस्टर, इंजिनचं सील, हेड गॅस्केट, गेलंय. पानी तेलात उतरलंय," रमीज म्हणाला. "हे आजचं दुखनं न्हाई. रेडिएटरमदी गळती बुजवायची पावडर टाकलीय. आठ-दहा दिवस दम धरती ती, मग सोडून देती. आवाज दबावा म्हनून तेल बी जाड भरलंय."

"म्हणजे माहीत असताना विकली?" मी विचारलं.

रमीज बॉनेटकडे वळला. त्यानं बॉनेटच्या आतल्या बाजूची एक मळकी चिठ्ठी खरवडून पुढं धरली. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजनं लावलेली. पुढचं ऑईल एक लाख चौतीस हजार किलोमीटरला बदला, असं लिहिलं होतं. आमच्या मीटरवर बावन्न हजार होते.

आत्यानं चष्मा लावून ती चिठ्ठी दोनदा वाचली. चौतीस वर्षं तारखा वाचणारी बाई.

जेम्स फोनवर म्हणाला, "मावशी, जुन्या गाडीच्या इंजिनाची कुणीच गॅरंटी देत नाही. तुम्ही घाटात दुसऱ्या गिअरवर ओढली असेल. बायकांना क्लचवर पाय ठेवायची सवय असते. आपण प्रार्थना करू." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. त्यानंतर पाच आठवडे फोन त्याच्या ऑफिसातली दिशा नावाची मुलगी उचलायची आणि सर मीटिंगमध्ये आहेत म्हणायची. जुन्या गाड्यांच्या दुकानात पाच आठवडे चालणारी कसली मीटिंग, हे मी तिला विचारलं. तिनं फोन ठेवला.

सहाव्या आठवड्यात आम्ही रिक्षा करून दुकानात गेलो. काचेचं दार ढकललं आणि आत्या जागीच थांबली. समोरच्या भिंतीवर हा मोठा टीव्ही. टीव्हीवर आत्या. "जेम्सकडून मी डोळे मिटून गाडी घेतली. तुम्हीही डोळे मिटून घ्या." टाळ्या. मग गाड्यांचे फोटो, खाली फोन नंबर, आणि पुन्हा आत्या. देवाचं नाव तेवढं त्यानं कापलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडणार होते, पण आत्यानं माझा दंड धरला आणि ती सरळ जेम्सच्या टेबलापाशी जाऊन बसली. पिशवीतून चिठ्ठी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

जेम्सनं ती पाहिली. पाणी मागवलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मावशी, तुमचं इंजिन मी बदलून देतो. एक रुपया घेणार नाही. फक्त मंडळीत ह्याची चर्चा नको. आणि व्हिडिओ राहू द्या. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

आत्या काय बोलली असती ते मला माहीत नाही. तिला गाडी हवी होती. तो म्हातारा अजून पालथा पडून होता आणि आत्या रोज दोन एस.टी. बदलून त्याच्याकडे जात होती. तिचं मन क्षणभर डळमळलं, हे मी कशाला लपवू. तेवढ्यात दार ढकलून एक तिशीचा माणूस आत आला. घोडेगावकडचा बजरंग. त्याच्या आईला आत्यानं शेवटपर्यंत सांभाळलं होतं. दोन म्हशी विकून त्यानं प्रवासी भाड्यासाठी ह्याच दुकानातून गाडी घेतली होती, आणि ती आमच्याकडच्या वडाळ्याजवळ बंद पडली होती. जेम्सला तो काही बोललाच नाही. आत्याला बघून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सिस्टर, आमी ह्याला वळखत न्हवतो," तो म्हणाला. "तुमी टीवीवर सांगितलं म्हनून घेतली. बायको म्हनत हुती, कुनाला तरी दाखवू. मी म्हनलो, सिस्टर खोटं बोलत्यात व्हय?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

आत्या उठली. "जेम्स, ह्याची गाडी आधी दुरुस्त कर," ती म्हणाली. "माझी राहू दे. आणि तो टीव्ही बंद कर."

"मावशी, सगळ्यांचंच करत बसलो तर दुकान विकावं लागेल," जेम्स म्हणाला, आणि इतका गोड हसला की मला त्याच्या तोंडावर ते पाणी फेकावंसं वाटलं. टीव्ही चालूच राहिला. मीच जाऊन त्याची वायर उपटली. दिशा माझ्याकडे बघत राहिली, पण तिनं ती परत लावली नाही.

शनिवारी पाळकसाहेब घरी आले. त्यांना जेम्सनं पाठवलं होतं ते उघड होतं. चहा पिता पिता म्हणाले, "बाई, मंडळीतल्या भावाची चूक चारचौघांत काढू नये. मंडळीचं नाव जातं." मी आत स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ज्यानं फसवलं त्यानं मंडळीचं नाव घालवलं नाही, जी बाई तोंड उघडेल ती घालवणार, हा कुठला न्याय? आत्या फक्त म्हणाली, "चहा गार होतोय, साहेब."

रविवारी साक्षीची वेळ आली आणि आत्या उभी राहिली. पुढच्या बाकावर जेम्सची मान ताठ झाली.

"मागे मी इथं उभी राहून एक साक्ष दिली," आत्या म्हणाली. "ती खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण मी बघितलंही नव्हतं. न बघता मी तुम्हाला सांगितलं, डोळे मिटून घ्या. माझ्या गाडीचा मीटर मागं केलेला होता आणि इंजिन मेलेलं होतं."

"बाई, हे आपण नंतर बोलू," पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले.

"गाडी चांगली आहे म्हणत होते तेव्हा तुम्ही मला थांबवलं नाही," आत्या म्हणाली. "माझ्या बोलण्यावर जेम्सकडून ज्यांनी गाडी घेतली, त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. मग मागच्या बाकावरून योहानकाकांनी हात वर केला. शाळेतले निवृत्त शिपाई. महिन्याभरापासून ते मंडळीत पायी येत होते आणि विचारलं की म्हणायचे, चालणं तब्येतीला बरं. त्यांच्यापाठोपाठ एंजेलाबाईंचा हात वर गेला. मग दोन भावांचा मिळून एक. एकेक करत सहा झाले. सहाही घरांत गाडी बंद पडून होती आणि सहाही जण गप्प होते. भावाविरुद्ध बोलणं म्हणजे पाप, हे प्रत्येकानं आपापल्या घरी दार लावून ठरवलं होतं. जेम्सचा सगळा धंदा ह्या सज्जनपणावर चालला होता. मला त्याच्याइतकाच ह्या सहाजणांचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

आत्या मोजत होती. मग ती समोर बघत थांबली. व्यासपीठावर पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला होता. त्यांनी हात वर केला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंतच.

जेम्स उठून बाजूच्या दाराकडे निघाला.

"बस खाली, जेम्स," आत्या म्हणाली. "उपासना संपलेली नाही." वॉर्डात ज्या आवाजात ती नातेवाइकांना बाहेर काढायची, तोच आवाज. जेम्स बसला.

"इथले सात," आत्या म्हणाली, "आणि बाहेरचा एक बजरंग. आठ घरं. गाड्या ह्यानं विकल्या, पण तुम्ही त्या माझ्या तोंडाकडे बघून घेतल्या. ह्याच्याकडून काय वसूल करायचं ते आपण सगळे मिळून उद्या त्याच्या दुकानात जाऊन करू. पण माझी चूक माझ्याकडे आहे. देवानं मला क्षमा करावी असं मी आज म्हणणार नाही. तुम्ही करायची की नाही ते तुम्ही सांगा."

ती खाली बसली. मी तिचा हात हातात घेतला, तर तिनं तो झटकून टाकला आणि वळून बाकांकडे बघत उत्तराची वाट पाहू लागली.