न दबणारा क्लच

आमच्या कोल्हापुरात वस्तू चांगली की वाईट हे ठरवायची एकच रीत. ती दणकट पाहिजे. चप्पल घ्यायची तर आधी पायाला फोड आणणारी. जी फोड आणत नाही ती चप्पल कसली, तो कागद. जावई बघायला गेले तर आधी मनगटं बघायची, मग पगार. मी लग्न होऊन या गावात आले आणि इथल्यांपेक्षा जास्त कोल्हापूरकर झाले. नव्या सुनेनं सगळ्यांपेक्षा तिखट खाऊन दाखवावं आणि परसात जाऊन गुपचूप पाणी प्यावं, तसं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या ह्यांनी अडतीच्या धंद्यातल्या कुणाकडून तरी एक जुनी काळी गाडी घेतली होती. ढेरपोटी, पुढची सीट बाकासारखी अखंड, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली डाव्या बाजूला. हे स्वतः चालवायला कचरत. रस्त्यात म्हैस दिसली की इंजिन बंद करून ती जाईपर्यंत बसून राहायचे. म्हणून मी शिकले. आणि शिकल्यावर काय सांगू, माझ्याइतकी सोसायला अवघड बाई त्या पेठेत दुसरी नसेल. कोथिंबिरीच्या जुडीला गाडी काढायची, आणि मंडईच्या दारात कुणी ओळखीचं दिसेपर्यंत उतरायचीच नाही.

पण शनिवारची फेरी मात्र मिरवायची नव्हती. शनिवारी मी मलकापूरला आबांकडे जायची. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी रत्नागिरीच्या रस्त्यावर प्रवाशांची मोटार चालवली, आंबा घाट चढला-उतरला. मग डावं अंग लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, पाय हळूहळू येईल, पण ह्यांना बाहेर काढा, माणसांत न्या, नाहीतर माणूस आतल्या आत विझेल. आणि आबा तर उंबरा ओलांडायला तयार नव्हते. घर रस्त्यालगत. त्यांनी खाट फिरवून घेतली होती, रस्त्याकडे पाठ करून. घाट चढून आलेल्या मोटारीचा आवाज आला की तोंडावर टॉवेल ओढायचे.

आई म्हणायची, "माणूस घरात हाय, पर न्हाय बघ."

मी दर खेपेला म्हणायची, "आबा, चला, जरा फिरवून आणते."

"मी टपावर टाकून न्यायचं सामान न्हवं," ओठाच्या एका कोपऱ्यातून उत्तर यायचं. तेवढंच.

आणि त्यातच गाडीचा क्लच घसरायला लागला. मलकापूरच्या वाटेवरच्या वाघबिळाच्या चढणीला इंजिन बोंब मारायचं, करपल्याचा वास सुटायचा आणि गाडी जागच्या जागी. एका शनिवारी मी तिथूनच परत फिरले. घरी येऊन रडले. माझं जाणंच थांबलं तर आबांना घराबाहेर काढणार कोण? म्हणून ठरलं, क्लच बदलायचा. मी म्हटलं, बदलायचाच तर साधा नको, वरचढ बसवायचा. याला एक कारण होतं. लहानपणी मी आबांच्या मांडीवर बसून मोटार शिकवा म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "क्लच बाईच्या पायाला झेपत न्हाय गं." ते वाक्य मी मनात लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं.

उद्यमनगरात आमच्या मिस्त्रीचाचांचं गॅरेज. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा, मनानं लोण्यासारखा माणूस. त्यांनी टेबलावर दोन क्लच मांडले. लोखंडी परातीएवढे, आत गोलाकार स्प्रिंगा बसवलेल्या. एक गाडीला मुळात असतो तसा. दुसरा जाड, राकट स्प्रिंगांचा, माल ओढणाऱ्या गाड्यांना लावतात तसला.

"वैनी, ह्यो बघा पैलवान," दुसऱ्यावर थाप मारत चाचा म्हणाले. "आख्खा पन्हाळा बांधून ओढा मागं, घसरणार न्हाय."

हे म्हणाले, "टिकेल का?"

"टिकंल का? अवो, गाडी मोडंल, ह्यो न्हाय मोडायचा."

मग चाचांनी तो क्लच जमिनीवर ठेवला आणि मधल्या भागावर स्वतः उभे राहिले. तो दबला नाही. गॅरेजमध्ये चहाला थांबलेले पाव्हणे उठले, तेही उभे राहून बघून आले. "बाब्बो! जागचा हलत न्हाय की!" मग आमचे हे चढले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोटारीवर एवढा विश्वास दाखवला. आणि शेवटी मी. चप्पल काढून, निऱ्या सावरून, चाचांच्या टेबलाला धरून क्लचवर उभी. एक कण खाली गेला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"हाच बसवा," मी राणीसारखी म्हणाले.

क्लचचं सगळं कामच मुळी पायाखाली दबायचं असतं, हे तिथल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. न दबणारा तो उत्तम, असं म्हणून आम्ही सगळे चहा प्यायलो.

पुढचा शनिवार. गावातून बाहेर पडेपर्यंतच माझी मस्ती उतरली. पेडल म्हणजे भिंत. सीटला पाठ रेटून, दात आवळून दाबायचं, तेव्हा कुठं खाली जायचं. एक मात्र खरं, वाघबीळ गाडीनं हरणासारखं चढलं. पैलवान होता खरा. पण बांबवड्याच्या बाजारात बैलगाड्या आडव्या आल्या, चाल-थांब चाल-थांब झालं, आणि माझा डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. मी डाव्या हातानं गुडघा खाली दाबायची, मग तोच हात गिअरला न्यायची, तोवर गाडी आचका देऊन बंद. मागून एकजण ओरडला, "ओ वैनी, गाडी हाकताय का दळण दळताय?"

मलकापूरला दारात आले तीच उड्या मारत. गाडी आचकली, बंद पडली, पुन्हा चालू केली, पुन्हा आचकली. मला खाली उतरता येईना. पाय आपला आपणच नाचत होता.

तेवढ्यात घरातून आवाज आला. गेल्या कित्येक महिन्यांत मी आबांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"कुणा गाढवानं बसवलाय गं ह्यो क्लच?"

आणि भिंतीला धरून, पाय ओढत, आबा दारात. आई मागं, पिठाचे हात तसेच. आबांनी उंबरा ओलांडला तेव्हा आईनं तोंडावर हात ठेवला, सगळं तोंड पांढरं झालं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांच्या ध्यानात आलं असतं आणि परत फिरले असते. त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि धप्पकन माझ्या शेजारी बसले.

"दाब."

मी दाबला. गुडघा थरथरत होता. ते बघत राहिले.

"माज्या पायागत हलतोय की गं," हळूच म्हणाले. चांगला हात त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवला. तळवा तसाच खरखरीत, स्टेअरिंगनं घासलेला. "कवाधरनं असं?"

"गावातनंच."

"आनि तशीच आलीस?"

"मग काय करू? तुम्ही येता का बाहेर?"

त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग आईला हाक मारली, "माजी टोपी आन. त्या मिस्त्रीला दोन शब्द ऐकवून येतो."

"अवो, भाकरी टाकलीया तव्यावर!"

"बांधून दे."

अशी आमची वरात निघाली. माझा उजवा हात स्टेअरिंगवर, डावा गुडघ्यावर. मी सगळा जोर लावून क्लच दाबला की आबा आपल्या उजव्या हातानं गिअर टाकायचे. मी "हं" म्हणायच्या आत त्यांचा हात दांड्यावर असायचा. रस्त्यात ते क्लचला, मिस्त्रीला, ह्यांना आणि मला पाळीपाळीनं शिव्या देत होते. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

हे गॅरेजमध्येच चहा पीत बसले होते. दारात आबांनी गाडीतूनच तोफ डागली. चाचांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, तुमच्या लेकीनंच पास केलाय. उभी ऱ्हाऊन."

आबा माझ्याकडे वळले. "उभी ऱ्हायलीस? क्लचवर?"

"दबतो का बघायला."

"आनि दबला न्हाय म्हून घेतलास?"

आबांचा अर्धाच चेहरा हसला. दुसरा अर्धा जागेवर राहिला. पण जो हसला तो इतका हसला की चाचा हसले, हे हसले, आणि मीही हसता हसता पदरानं डोळे पुसले.

मग निवड पुन्हा. आबा म्हणाले, मूळचा होता तसाच साधा बसवा. चाचा म्हणाले, तो चढणीला पुन्हा कधी ना कधी घसरेल. आता नव्या पद्धतीचा येतो, हलका पण पकड घट्ट. त्यांनी दाखवला. आत स्प्रिंगा नाहीतच, बशीसारखी एकच पोलादी चकती.

"ह्यो पापड?" आबा म्हणाले. "ह्यो काय घाट चढणार?"

तसलाच क्लच चाचांनी एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीला बसवला होता आणि ती गाडी तिथंच उभी होती. मी जाऊन तिच्यात बसले. पेडलवर पाय ठेवला. भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसा पाय खाली गेला, सोडला तर सावकाश वर आला. मी पुन्हा दाबला. उगीचच आणखी एकदा.

"हा," मी म्हणाले.

"पोरी, तुजा बाप जलमभर घाटात हुता."

"होता की. पण आबा, पेडलवर पाय माझा असणार आहे."

गॅरेजमध्ये हातोडीचा आवाज थांबला. ह्यांनी खिशात काहीतरी शोधायला सुरुवात केली. आबांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग टोपी नीट केली.

"बसवा," चाचांना म्हणाले. "पाय तिचा हाय."

त्या रात्री आबा आमच्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच निघालो. वाघबीळ आलं तसा त्यांचा हात सवयीनं दांड्याकडे गेला, आणि मधेच थांबून मांडीवर परत आला. गिअर मी टाकला. ते डोळे मिटून इंजिन ऐकत होते. गाडी न घसरता, न ओरडता वर आली.

मलकापुरात आई दारातच उभी होती. मी वेग कमी केला.

"थांबू नगंस," आबा म्हणाले.

"आबा, घर आलं."

"दिसतंय मला. घाटापत्तूर चल."

"अवो, जेवाण!" आई ओरडली. आबांनी काचेतूनच तिला हात वर करून दाखवला, समोरून येणाऱ्या मोटारीला ड्रायव्हर दाखवतात तसा.

घाट सुरू व्हायच्या आधी एक वळण आहे. मला ते नवं होतं, त्यांना पाठ.

"हितं दुसरा टाक, वळनाच्या आदी," ते म्हणाले आणि मान वळवून दांड्याकडे बघितलं. तो आधीच दुसऱ्यात होता. आबांनी चांगला हात आडवा नेऊन खिडकीची काच तेवढी खाली केली, आणि टोपी काढून मांडीवर घेऊन दरीकडं बघत बसले.